उकालो, ओरालो

काठमांडूला विमानातून उतरलं की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं असतं. पहिल्या वेळी मला याची कल्पना नव्हती. तासाचा, अर्ध्या तासाचा फरक ऐकून माहीत होता. हा पंधरा मिनिटांचा हिशोब काही उमगेना. नंतर कळलं, की या देशाने आपली वेळ एका डोंगराकडून घेतली आहे. काठमांडूच्या पूर्वेला, तिबेटच्या सीमेवर, गौरीशंकर नावाचं ७,१३४ मीटर उंचीचं शिखर आहे. त्याच्या जवळून जाणारं ८६ अंश १५ मिनिटांचं रेखावृत्त धरून १९८६ पासून नेपाळची प्रमाणवेळ मोजतात. शेतात, शाळेत, कचेरीत, विमानतळावर सगळीकडे दिवस धरायचा तो गौरीशंकराच्या माथ्यावरून. हे कळल्यावर मी घड्याळाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

मी समुद्रकिनारे पाहिले आहेत, जुनी शहरं पाहिली आहेत, एक वाळवंटही पाहिलं आहे. ते सगळं आवडलं. पण घरी परतल्यावर महिनोन् महिने मनातून जात नाही तो डोंगरांचाच मुलूख. दोनदा नेपाळला जाऊन आले आणि दोन्ही वेळा परतताना वाटलं, की बघायचं ते आत्ता कुठे सुरू होत होतं. असं का होतं याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, इतर देशांत अंतर आडवं असतं आणि डोंगरांच्या देशात ते उभं असतं. आडव्या अंतरावर घाई करता येते. उभ्या अंतरावर ती चालत नाही, आणि घाई संपली की दिसायला लागतं.

नेपाळचा नकाशा समोर ठेवला तर तो एक अरुंद, तिरका पट्टा दिसतो. दक्षिणेकडच्या तराईत काही ठिकाणी जमीन समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा उंच नाही. तिथे भाताची खाचरं आहेत, उसाचे मळे आहेत, चितवनच्या गवताळ रानात एकशिंगी गेंडे आहेत. तिथून सरळ रेषेत उत्तरेकडे निघालं, तर दोनशे किलोमीटरांच्या आत ८,८४८.८६ मीटरवर सगरमाथा, म्हणजे आपला एव्हरेस्ट, उभा. जगात आठ हजार मीटरच्या वर गेलेली चौदा शिखरं आहेत. त्यांतली आठ या देशात किंवा त्याच्या सीमेवर आहेत. तराईतल्या उकाड्यापासून कधीच न वितळणाऱ्या बर्फापर्यंतचं सगळं काही एका दिवसाच्या मोटारप्रवासाएवढ्या रुंदीत घड्या घालून बसवलेलं. घडी उलगडायची तर चालायला हवं.

मी आणि माझी धाकटी बहीण पहिल्यांदा गेलो ते काली गंडकीच्या खोऱ्यात. कारण अगदी घरगुती होतं. आजीच्या देवघरात एक शाळिग्राम होता. काळाभोर, मुठीत मावेल एवढा, एका बाजूला चक्राची नक्षी असलेला. आजी रोज सकाळी त्याला स्नान घाली, कार्तिकात तुळशीचं लग्न त्याच्याशी लावी, आणि कुणी विचारलं तर म्हणे, “हा गंडकीतला आहे.” लहानपणी मला गंडकी ही गोष्टीतलीच नदी वाटायची, क्षीरसागर असतो तशी. ती खरोखर वाहते, तिच्या काठाने माणसं चालतात, हे कळायला फार वर्षं गेली. आजी गेली तेव्हा तिच्यासाठी तिथे एकदा जाऊन यायचं, एवढंच ठरवलं होतं.

पोखऱ्याहून जोमसोमला छोटं विमान जातं, ते सकाळीच. वीसेक मिनिटांचा प्रवास. विमान डोंगरांवरून जात नाही, डोंगरांमधून जातं. एका बाजूला ८,०९१ मीटरचं अन्नपूर्णा, दुसऱ्या बाजूला ८,१६७ मीटरचं धौलागिरी, आणि दोहोंच्या मधल्या दरीतून आपण. खिडकीतून खाली बघायची सवय असलेल्या माझ्या बहिणीने मान वर केली आणि ती तशीच राहिली. विमानात बसून डोंगराकडे मान वर करून बघण्याचा तो अनुभव मला शब्दांत नीट सांगता येत नाही. खाली नदी अडीच हजार मीटरच्या आसपास वाहते आहे आणि दोन्ही अंगांना साडेपाच हजार मीटर उंचीच्या भिंती.

ही नदी हिमालयाहून जुनी आहे. डोंगर वर येऊ लागले तेव्हा ती वाहतच होती; ते जसजसे उचलले गेले तसतशी ती त्यांना कापत गेली. म्हणून तिबेटच्या बाजूला उगम पावून ती जगातल्या सर्वांत उंच रांगेच्या आरपार निघते. पाणलोट ठरवायचं काम पर्वताचं, असं आपण भूगोलात शिकतो. इथे पर्वत नंतर आला.

तिच्या पात्रात आम्ही दोन दिवस चाललो. पात्र अफाट रुंद, करड्या गोट्यांचं, आणि पाणी मधूनच दोन-तीन धारांत. सकाळी सगळं स्तब्ध असतं. दहा-अकराच्या सुमाराला दक्षिणेकडून वारा सुटतो आणि दुपारपर्यंत त्याचं वादळ होतं. वरचं कोरडं पठार उन्हाने तापतं, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालच्या दरीतली हवा या अरुंद वाटेने वर धावते. रोज हेच. म्हणूनच विमानं सकाळची. म्हणूनच मार्फासारख्या गावात घरं एकमेकांना बिलगून, गल्ल्या अरुंद आणि वळणाच्या. घरांची छपरं मात्र सपाट आणि मातीची, कडेला सरपणाची रास. सपाट छप्पर कशामुळे, तर पाऊसच नाही. अन्नपूर्णेच्या दक्षिण उतारावरच्या लुम्लेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पन्नास-साठ किलोमीटरांवरच्या जोमसोमला तीनशेसुद्धा पडत नाही. सगळा ढग त्या भिंतीवर रिकामा होतो. त्या एका भिंतीमुळे अलीकडे भातशेती आणि जळवा, पलीकडे बार्ली, जर्दाळू आणि धूळ. घराचा आकार, जेवणाचं ताट, अंगावरचं कापड, सगळं त्या भिंतीने ठरवलेलं आहे.

कागबेनीच्या अलीकडे पात्रात एक बाई काळे गोटे शोधत होती. एक गोटा तिने दुसऱ्यावर हलकेच आपटला. तो मधोमध उकलला आणि आत ते चक्र. पिळाची गोगलगाय असावी तसं, प्रत्येक कप्पा स्वच्छ. मी तो हातात घेतला. हा अमोनाईट नावाच्या सागरी जिवाचा ठसा. पंधरा कोटी वर्षांच्या आसपास, भारताची भूमी आशियाला येऊन भिडण्यापूर्वी, मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळच्या गाळात हे जीव रुतले. मग भूमी भिडली, तळ उचलला गेला, गाळाचा दगड झाला, नदीने तो दगड फोडून खाली आणला. सगरमाथ्याच्या अगदी टोकाचा खडकसुद्धा चुनखडीचा आहे आणि त्यात समुद्री जिवांचे अवशेष आहेत.

आजी रोज ज्याला गार पाण्याने स्नान घालायची, तो मुळातच पाण्यातला होता. मला त्या क्षणी आजीचं चुकलं असं वाटलं नाही आणि भूशास्त्राचंही नाही. दोघंही त्या दगडाला खूप जुना मानत होते आणि जपून हाताळत होते. गोटा मी बाईंना परत दिला. घरी एक आहे, तो पुरेसा आहे.

मुक्तिनाथला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. ३,७०० मीटरच्या वर आलं की जिना चढतानासुद्धा श्वास मोजावा लागतो. देवळामागे अर्धवर्तुळात एकशे आठ धारा आहेत, आणि लोक त्या बर्फाळ पाण्याखालून धावत जातात. आम्हीही गेलो. पण मनात राहिली आहे ती ज्वालामाईची छोटी निळसर ज्योत. खडकातून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर ती जळते, शेजारी पाण्याचा आवाज येत असतो, आणि तिची देखभाल बौद्ध भिक्षुणी करतात. हिंदू विष्णूच्या दर्शनाला येतात, बौद्धही आपल्या श्रद्धेने येतात, एकाच दारातून आत जातात. वाट इतकी कठीण आहे की वर पोचलेल्या माणसाला कुणी परका म्हणत नसावं.

अन्नपूर्णेविषयी एक गोष्ट मला फार आवडते. ३ जून १९५० रोजी फ्रेंच गिर्यारोहक मॉरिस एर्झोग आणि लुई लाशनाल तिच्या माथ्यावर पोचले. आठ हजार मीटरवरचं कुठलंही शिखर माणसाने गाठण्याची ती पहिली वेळ. पण त्याआधी कित्येक आठवडे त्यांच्या तुकडीला अन्नपूर्णा सापडतच नव्हती! हातातला नकाशा चुकीचा होता. एवढा थोरला पर्वत, आणि त्याच्या अवतीभवती माणसं वाट शोधत फिरताहेत. त्या खोऱ्यात दोन दिवस चालल्यावर मला ते पूर्ण पटलं. दरीच्या तळाशी उभं राहिलं की जवळची धार मागचं सगळं झाकून टाकते. डोंगर दिसायला त्याच्यापासून दूर जावं लागतं किंवा समोरच्या धारेवर चढावं लागतं.

त्याच परिसरात माछापुच्छ्रे आहे, माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं, ६,९९३ मीटरचं. १९५७ साली एक तुकडी त्याच्या माथ्याच्या अगदी जवळ जाऊन मागे फिरली, आणि त्यानंतर ते शिखर चढाईसाठी बंद करण्यात आलं. पोखऱ्यात फेवा तळ्याच्या काठी सकाळी ते गुलाबी होताना पाहिलं, तेव्हा बहीण म्हणाली, “बरं झालं ना, एक तरी राहू दिलं.” मलाही तसंच वाटतं. सगरमाथ्याकडे मी गेलेले नाही. जाणाऱ्यांचा मला आदर आहे. पण माझी ओढ माथ्यांकडे नाही, दऱ्यांकडे आहे.

दुसऱ्या खेपेला लांगटांगच्या खोऱ्यात गेलो, आणि डोंगरांचा देश मला खरा कळला तो तिथे.

तिथली पायवाट जिथून सुरू होते ते स्याब्रुबेसी काठमांडूहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. बसला अख्खा दिवस लागतो. त्रिशूलीच्या काठी केळीच्या बागा होत्या, मग रस्ता वळत वळत चढू लागला आणि दुपारी धुंचेला पोचेपर्यंत अंगावर स्वेटर आला. इथे कुणी किलोमीटर सांगत नाही. किती लांब विचारलं तर तास सांगतात, किंवा दिवस. आमच्या वाटाड्या दाइंना (दाइ म्हणजे थोरला भाऊ) मी पहिल्या दिवशी सात-आठ वेळा विचारलं असेल, “आता पुढे कसा रस्ता आहे?” प्रत्येक वेळी उत्तर एकच, अतिशय प्रेमळ आवाजात: “अलिकति उकालो, अलिकति ओरालो.” थोडा चढ, थोडा उतार. संध्याकाळी पाय भरून आले तेव्हा समजलं, की ते उडवाउडवी करत नव्हते. त्या देशात दुसऱ्या प्रकारचा रस्ताच नाही.

नेपाळी भाषेने मला या प्रवासात फार सोबत केली. लिपी एकच असल्यामुळे दुकानावरची पाटी, पुलावरचा फलक, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार मी सरळ वाचू शकत होते. वाचताना मध्येच एखादा शब्द ओळखीचा हसून जायचा. तिथे माया म्हणजे प्रेम. आपल्याकडे आजी नातवावर माया करते, तशीच. भ्रम या अर्थाची माया नव्हे. हिउँ म्हणजे बर्फ, आणि मला लगेच आपला हिवाळा आठवला, अंगात भरणारं हिव आठवलं. डाँडा म्हणजे डोंगराची धार. आपले ट्रेकर तिलाच दांडा म्हणतात. समोरच्या एका थोरल्या हिरव्या डोंगराचं नाव विचारलं तर दाइ म्हणाले, “त्याला नाव नाही, तो डाँडा आहे.” माझ्या अंदाजाने तो तीन हजार मीटरच्या पुढचा होता. बारमाही बर्फ असेल तर हिमाल, नाव त्यालाच. बाकीचे सगळे पहाड. आणि डोको म्हणजे पाठीवर घ्यायची बांबूची टोपली, जिचा पट्टा, नाम्लो, कपाळावरून येतो. सगळा भार डोक्यावर तोललेला. शब्दांचं नातं असेल-नसेल, पण डोको हा शब्द मी तेव्हापासून विसरू शकत नाही.

पहिल्या दिवसाची वाट जंगलातून होती. बांबू, उतीस, ओक, खाली खळाळणारी लांगटांग खोला, आणि पलीकडच्या कड्यावर लटकलेली मधमाश्यांची प्रचंड पोळी. या हिमालयातल्या कडेमाश्या. जगातल्या सगळ्यांत मोठ्या मधमाश्या याच. वाटेच्या दुतर्फा खाजकुइलीसारखं अंगाला झोंबणारं सिस्नु. रात्री त्याचंच सूप समोर आलं आणि अंगात ऊब भरली. एप्रिल होता, त्यामुळे वर वर जाऊ तसतसा लालीगुरांस, म्हणजे रोडोडेंड्रॉन, फुललेला. खाली गर्द लाल, मग गुलाबी, आणि अगदी वरच्या झाडांवर जवळजवळ पांढरा. फुलाचा रंग बघून आपण किती चढलो ते सांगता यावं, अशी ती वाट.

दुसऱ्या दिवशी घोडाताबेलाच्या पुढे एकाएकी दरी उघडली. तोवर आम्ही एका खोल, टोकदार घळीतून चालत होतो, आकाशाची एक पट्टी तेवढी डोक्यावर. आता दोन्ही बाजू मागे सरकल्या, तळ सपाट आणि रुंद झाला. दाइंनी हाताने हवेत दोन आकार काढून दाखवले. खालची दरी नदीने कोरलेली, म्हणून चिंचोळी. वरची हिमनदीने घासलेली, म्हणून परातीसारखी. कुठल्या काळी बर्फ कुठवर येऊन थांबला होता ती जागा पायाखाली होती, आणि ती ओलांडायला मला दहा मिनिटं लागली होती.

मग लांगटांग गाव आलं. म्हणजे जिथे होतं ती जागा.

२५ एप्रिल २०१५ च्या दुपारी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा वरच्या कड्यावरून बर्फ आणि खडक सुटले आणि सगळं गाव त्याखाली गेलं. शेकडो माणसं गेली. हवेचा झोत एवढा होता की दरीच्या समोरच्या उतारावरची झाडं आडवी झाली. एकच घर उरलं, कड्याच्या पोटाशी, बाहेर आलेल्या खडकाच्या आडोशाला असल्यामुळे. आज तिथून चालताना खाली दगडांचं करडं मैदान आहे आणि त्याच्याखाली गाव आहे. गेलेल्यांची नावं लिहिलेली मणी-भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, आहे. मणी-भिंत नेहमी उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं असतं. आम्ही तसेच गेलो, कुणी काही बोललं नाही.

नवं गाव थोडं पुढे वसलं आहे. तिथे ज्या दिदींच्या घरी उतरलो त्या पन्नाशीच्या असाव्यात. चुलीजवळ बसून बोलणं निघालं. भूकंपानंतर त्यांना इतरांबरोबर काठमांडूला नेलं होतं, एका गुंफेच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, आवारातल्या छावणीत. मला विचारायचं धाडस होत नव्हतं, पण विचारलं, की परत इथेच यावंसं कसं वाटलं. त्यांनी चुलीत लाकूड सारलं. “आलू रोप्ने बेला भएको थियो,” म्हणाल्या. बटाटे लावायची वेळ झाली होती.

त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. मी त्या उत्तराकडे कितीदा तरी परत जाते. डोंगर माणसाला क्षुद्र करून टाकतो असं आपण सहज म्हणतो. मला तिथे उलटं दिसलं. जिथे एका दुपारी सगळं नाहीसं होऊ शकतं, तिथे बटाटे वेळेवर लावणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! दगड वेचून बांधलेली ती हातभर रुंदीची शेतं, बार्लीची खाचरं, याकांच्या पायवाटा, पाण्याच्या ओघळावर फिरणारी प्रार्थनाचक्रं, दऱ्यांवर टांगलेले झोलुंगे पूल, कड्यात बसवलेल्या हजारो पायऱ्या. आपण जिथे निसर्ग म्हणून बघायला जातो तिथली एक एक पायरी कुणीतरी पाठीवर दगड आणून बसवलेली असते. सपाटीवर माणसाचं काम पटकन दिसून येत नाही, इतकं ते सगळीकडे असतं. डोंगरात ते कमी असतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी थांबून पाहावंसं वाटतं.

आणि किती वेगवेगळी माणसं! २०२१ च्या जनगणनेत नेपाळची लोकसंख्या २ कोटी ९१ लाखांच्या पुढे भरली आणि मातृभाषा १२४. एक धार ओलांडायला दोन दिवस लागत असतील तर पलीकडच्या दरीतली बोली वेगळीच राहणार, तिथला सण, तिथली टोपी, तिथलं भाकरीचं पीठ वेगळंच राहणार. खाली त्रिशूलीकाठी माणसं नमस्ते म्हणत होती. चौथ्या दिवशी आमच्या कानावर ताशी देलेक पडत होतं. आम्ही देश ओलांडला नव्हता. चाललो होतो, इतकंच.

क्यांजिन गुंफा ३,८७० मीटरवर आहे. तीन दिवसांत आम्ही जवळजवळ अडीच हजार मीटर चढलो होतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, या हिशोबाने पंधरा-सोळा अंशांची थंडी आम्ही पायांनी गाठली होती. संध्याकाळी माझं डोकं दुखायला लागलं. त्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साठ-बासष्ट टक्के असतो. नेपाळीत या दुखण्याला लेक लागणं म्हणतात. लेक म्हणजे उंच डोंगरमाथा. डोंगरच अंगाला लागतो. दाइंनी भूक विचारली, मळमळ विचारली, चालून दाखवायला सांगितलं. मग म्हणाले, “उद्या वर जायचं नाही. इथेच राहायचं. वाढलं तर रात्रीच खाली उतरायचं.” आमच्या योजनेत दुसऱ्या दिवशी जवळजवळ पाच हजार मीटर उंचीचं छेर्कोरी होतं. त्यासाठी घरी वर्षभर तयारी केली होती. मला वाईट वाटलं, पण दाइंशी वाद घालायचा विचारही मनात आला नाही. उंचीच्या बाबतीत तिथल्या माणसाचा शब्द शेवटचा मानावा, हे मी प्रत्येकाला सांगेन.

डोकं रात्री वाढलं नाही, सकाळी उतरलं. आणि तो काहीच न करण्याचा दिवस माझ्या दोन्ही प्रवासांतला सगळ्यात भरलेला दिवस ठरला.

पहाटे लांगटांग लिरुंगच्या टोकाला पहिलं ऊन लागलं. मी पांघरूण घेऊन दगडी कट्ट्यावर बसले. ऊन खाली सरकायला लागलं, इतकं हळू की सरकताना दिसत नव्हतं, पण एका खडकावरून नजर काढून परत बघितलं की तो उजळलेला असे. ते आमच्या अंगणात पोचायला तास-सव्वा तास लागला. ते पोचताच छपरावरचं दव टपकू लागलं, याकांच्या पाठीवरून वाफ निघाली, आणि एक म्हातारी माळ ओढत बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. तिचं बोलणं मला येत नव्हतं, माझं तिला. दोघी उन्हाकडे बघत होतो. मध्येच वर कुठेतरी मोठा गडगडाट झाला. मी दचकले. तिने हाताने बर्फ पडल्याची खूण केली आणि पुन्हा माळ ओढू लागली. पण त्या आवाजाच्या दिशेने ती क्षणभर बघत राहिली, हे मी पाहिलं.

दुपारी गावातल्या चीजच्या कारखान्यात गेलो. स्विस मदतीने १९५० च्या दशकात तो सुरू झाला. याक आणि गाईच्या संकरातून झालेल्या चौरींचं दूध अजून तिथे तापतं, आणि गोल चाकांसारखे थर फळ्यांवर पिकत पडलेले असतात. तिथून दाइंनी वरच्या बाजूला असलेल्या याला हिमनदीची दिशा दाखवली. १९७० च्या दशकापासून ती दोन तृतीयांश आटली. २०२५ च्या मे महिन्यात शास्त्रज्ञ आणि गावकरी तिच्यापाशी जमले आणि तिला श्रद्धांजली वाहिली. नदीला नव्हे, हिमनदीला. दाइंनी हे सांगितलं तेव्हा आवाज नेहमीचाच होता. मला मात्र आजीच्या शाळिग्रामातला समुद्र आठवला. तो कोट्यवधी वर्षांत गेला. ही एका माणसाच्या आयुष्यात निघाली आहे.

एवढ्यासाठीही जावं, असं मला वाटतं. पण जाताना सामान कमी न्यावं, भारवाहूच्या पाठीवर किती आहे ते स्वतः उचलून बघावं, घासाघीस करू नये. जी वाट आपण हौसेने चालतो ती कुणाची तरी रोजची आहे.

उतरताना लांगटांगच्या दिदींकडे पुन्हा थांबलो. निघताना त्यांनी फडक्यात उकडलेले बटाटे बांधून दिले, वर मिरची-मिठाची पुडी. “फेरि भेटौँला,” म्हणाल्या. पुन्हा भेटू. याचा अर्थ विचारावा लागला नाही.

दोन तास उतरल्यावर एक विसाव्याचा कट्टा आला. नेपाळात असे कट्टे कमरेएवढे उंच बांधतात, म्हणजे पाठीवरचा डोको न उतरवता नुसता टेकता येतो. एक भारवाहू तसाच टेकून उभा होता. डोकोमध्ये पत्र्याचे गुंडाळे, नूडल्सची खोकी, आणि सगळ्यांत वर कुणाच्या तरी शाळेचं नवं कोरं दप्तर. आम्ही फडकं उघडलं, त्यालाही बटाटे दिले. अजून कोमट होते. सोलताना त्याने विचारलं, “माथि हिउँ छ?” वर बर्फ आहे का. मी म्हटलं, आहे, पण वाट मोकळी आहे. त्याने मान डोलावली.

खाऊन झाल्यावर त्याने नाम्लो कपाळावर नीट बसवला, काठी टेकली आणि एका दमात उभा राहिला. बहिणीचे गुडघे एव्हाना बोलू लागले होते. तिने विचारलं, “दाइ, खाली अजून किती आहे? वाट कशी आहे?”

तो आमच्या उलट दिशेने, वरच्या वळणाकडे निघाला होता. वळून हसला. “अलिकति उकालो,” म्हणाला, “अलिकति ओरालो.”